कुठलं पाणी

९ एप्रिल, पेण
गणपतीचा कारखाना सोडला. कोणी काढलं नाही, मीच निघालो. दोन महिने मूर्तींच्या पाठी घासत होतो. तोंडं सगळी भिंतीकडे, माझ्याकडे नुसत्या पाठी. शेठ म्हणाला, पाठ नीट जमली की पुढून बसवतो. त्याचं काही चुकलं नाही. पण भुकटी नाकातोंडात जाते, आणि बाहेरून एसटी गेली की माझा हात थांबतो. आज कुठली गाडी ते बघायला बाहेर आलो, तो परत आत गेलोच नाही. पालीची होती. तीही चुकली.

११ एप्रिल, मामाकडे
कासूला उतरून चालत. ऊन फार. खाडीकडे तोंड केलं की वाटेत झाड म्हणून नाही. आई गेल्यावर दत्तूमामानेच वाढवलं, म्हणून सांगायला गाव हेच. राहायला जमत नाही, तो भाग वेगळा.
मामी म्हणाली, "आलास? हंडा घे." बाकी चौकशी नाही.
आजूबाजूला सगळी खाडी आणि प्यायला थेंब नाही. नळ येतो तेव्हा येतो. ज्याला आधी दिसेल तो ओरडतो, पाणी आलं, आणि आळी धावत सुटते. आज नाही आलं. मामाचा उजवा खांदा आखडलाय, टोपीसुद्धा डाव्या हाताने घालतो.

१४ एप्रिल
पहाटे मामाची हाक आळीभर. पाणी आलं, पाणी आलं. मामी उठली, मी उठलो, हंडे घेऊन सगळे नळावर. रांगेवरून नेहमीची भांडणं. नळ कोरडा. आळीतले जुने हिराकाका नळाच्या तोंडाला कान लावून बसले.
तेवढ्यात मामा आला. पोटऱ्यांपर्यंत चिखल. रांग बघितली आणि तिथेच थांबला.
"ह्ये नाय गो. खारं पाणी. बांध फुटला."
एकदोन जणी हसल्या. मग रांग मोडली. हंडे तिथेच राहिले. मागून बघितलं तर आमचा हंडा कोणीतरी पुढे सरकवून ठेवलेला.

१५ एप्रिल
बांध फुटून पडलेली खांड बघायला गेलो. बैलगाडी आरामात जाईल एवढी पडलीय. भरतीला त्यातून पाणी आत येतं, ओहोटीला निम्मंच परत जातं. मामाचं शेत अख्खं पाण्यात. मध्ये एक बगळा, जसा काही त्यानेच लावणी केलीय.
पलीकडच्या खारीत, म्हणजे तिकडच्या बांधाआडच्या शेतांत, पडलेली खांड कोणी भरली नव्हती. आता तिथे तिवरं उभी आहेत, माणसाएवढी. ती कायद्याने तोडताही येत नाहीत. कागदावर अजून भातशेतीच.
बांध किती जुना, मामाला विचारलं. म्हणाला, मी तुझ्या आजाला विचारलं तर तो बोलला, माझ्या आजाला विचार.
 मग म्हणाला, "ही खांड भरू. पुढल्या अवसेला परत गेली तर मी नाय हात लावायचा. पेणला खोली बघू."
मामी ऐकत होती.   पेणला खोली म्हणजे इथे कुलूप. मला त्याचं काय, असं मनात म्हणून बघितलं. नीट म्हणता आलं नाही.

१७ एप्रिल, रोहा
सद्याच्या खोलीवर आलो. हा सद्या आयटीआयला माझ्यासोबत होता. त्याने आयटीआय पूर्ण केलं, मी नाही. आता कंपनीत आहे, कंत्राटावर. येताना निडीला उगाच उतरलो. दरवेळी होतं असं. स्टेशनच्या मागे डबक्यात आदिवासी वाडीवरच्या दोघी हाताने मासे चाचपत होत्या, ते बघत बसलो. एकीने विचारलं, गाडी चुकली का? हो म्हटलं. पुढच्या गाडीपर्यंत तिथेच.
सद्याला बांधाचं सांगितलं. भांग लागली की गावकरी खांड भरतील म्हटलं.
"भांग? होळी झाली की रे."
रोह्याच्या माणसाला भरती-ओहोटी कळेल पण भांग नाही. पाणी ज्या दिवसांत कमी चढतं ते दिवस, एवढं सांगून कंटाळा आला. तो नाइट शिफ्टला गेला. खोलीत कंपनीचा वास राहतो, तो माणूस गेला तरी.

१९ एप्रिल
परत गावी. चार्जर विसरला म्हणून आलो, असं मामीला सांगितलं. चार्जर सद्याकडे आहे.

२० एप्रिल
जोळ. म्हणजे घरटी एक माणूस बांधावर. आता बरीच घरं मजुरीचा माणूस पाठवतात, तोही चालतो, पण हिराकाका त्याला घराच्या नावाने हाक मारत नाहीत.
मामाचा हात वर जात नाही. मामी कासोटा घालून तयार. मी म्हटलं, मी जातो.
हिराकाका घरं पुकारत होते. दत्तूच्या घरचं कोण? मामी मागून म्हणाली, ह्यो.
"ह्यो तर पावना."
"आज घरचा हाय. उद्याचं उद्या बघू."
लोक हसले. मला जरा राग आला, मग तोही गेला, कारण चिखलाचा पहिला गोळा छातीवर आला. ओहोटीच्या उघड्या चिखलातून गोळे काढायचे, हातोहात द्यायचे, खांडीत पेंढ्यावर थापायचे. बोलायला दम नाही. माझ्या मागे वाडीवरचा माणूस होता, तो गोळा देताना दरवेळी म्हणायचा, घे पावन्या. दुपारनंतर नुसतं घे.

२१ एप्रिल
भरती यायच्या आत खांड मिटली. पेन धरवत नाही. नखांत चिखल. मामा बांधावर आला, नव्या मातीवर पाय दाबून बघितला.
"ओली हाय. अवसेचं उधाण झेललं तर राहिली."
जेवलो की नाही आठवत नाही.

२४ एप्रिल, रोहा
सद्याने कंपनीत लावलं. २८ पासून, फर्स्ट शिफ्ट. बरं वाटायला हवं होतं.
संध्याकाळी कुंडलिकेवर बसलो. ही नदी दुसऱ्या खाडीला जाते, आमच्याकडे हिचा थेंब येत नाही. पण समुद्र एकच, म्हणजे अमावास्या दोन्हीकडे सारखीच. याच्यावर खूप विचार केला. उपयोग काही नाही.

२७ एप्रिल
अमावास्या. मामीला फोन. तीन वेळा कट, चौथ्यांदा लागला. खाडी बांधाच्या काठाला टेकलीय, म्हणाली. मामा सकाळपासून तिकडेच, जेवायलाही आला नाही. नळही तीन दिवस नाही. उद्याचं उधाण मोठं.
मी म्हटलं, माझी उद्या शिफ्ट आहे.
"व्हय, म्हाईत हाय," म्हणाली.

२८ एप्रिल
कंपनीच्या बसच्या रांगेत होतो. गळ्यात पास. मामीचा मेसेज आला. एका बोटाने टाईप करते ती. फक्त दोन शब्द.
पानी आल.
फोन लावला. बंद. परत लावला. मामाचा तर कायम घरीच असतो, खुंटीला. सद्याला दाखवला. तो म्हणाला, नळ आला असेल रे, तूच सांगत होतास ना तीन दिवस नाही म्हणून. खांड गेली असती तर बाई मेसेज करत बसली असती का? बरोबर वाटलं. मग वाटलं, खांड गेली असती तर तिने आणखी काय लिहिलं असतं?
बस आली. सद्या चढला. दारातून हात पुढे केला, ये म्हणून.

त्याच दिवशी, गाडीत
कासूचं तिकीट. मामीला मेसेज टाकलाय, कुठलं? एकच टिक.
निडी आलं. उतरलो नाही.
टिक अजून एकच.