ऐकू आल्याची साक्ष

डोणगाव,
५ फेब्रुवारी २०२४

प्रभूत प्रिय ताईस,
पंजाबरावचा सप्रेम सलाम. वि. वि.

प्रार्थनासभेतल्या तुह्या साक्षीचा व्हिडिओ मोबाइलवर आला. प्रचारकसाहेबांनी तुह्या कानात बोट घातलं अन् तू माइकवर ऐकू आलं म्हणून सांगितलं! तीस वर्षं बहिरी असलेली माही बहीण! मी तं रडलोच. लगेच चार खेपा फोन लावला. ऐकू येऊन राह्यलं तं उचलत काऊन नाही? आता भाव खाऊन राह्यली का?

आणखी एक. तुही साक्ष पाहून प्रतीक्षानं फिटच्या गोळ्या बंद केल्या. आत्याले झालं तं मले काऊन नाही, असं म्हणते. तिच्या मायले धाकधूक आहे, पण पोरीचा विश्वास पाहून मी रागावलो नाही. अठराला तेच प्रचारक आपल्या इथं येऊन राह्यले. तू ये.

भावावर अशीच माया करत जा.

तुहा
पंजाबराव

देऊळगाव राजा,
९ फेब्रुवारी

पंजाब,
सलाम. टपालाची वाट पाहायले वेळ नाही, म्हणून हे पत्र माह्या गोकुळच्या हाती पाठवते. लेक माहा दारात उभा असतानाच पोरीले गोळी दे, मग पुढचं वाच.

फोन वाजला असंल बाबा. मले ऐकू येत नाही. तवाही येत नव्हतं. त्या माणसानं बोट थुंकीनं ओलं केलं अन् माह्या कानात फिरवलं. तोंडाले सुपारीचा वास. शी! घरी येऊन तीनदा कान धुतला, तरी ओलसर वाटते. तो काय विचारते ते मी ओठांवरून ताडलं. बरं वाटते का, असं वाटलं, म्हणून मान हलवली. तं सारा मांडव उभा राह्यला, बाया रडाले लागल्या अन् माइक माह्या तोंडाशी. तवा मले समजलं होतं, पंजाब. समजूनही बोलली. इतके लोक माह्याकडं पाहून कवा हसले होते? त्याच्या थुंकीपेक्षा माह्या जिभेची किळस जास्त येते.

अन् तुहीही येते. एक भजन कानी न पडता मी दर रविवारी पहिल्या बाकावर बसते, त्याचं तुले कवा रडू आलं नाही. व्हिडिओ पाहून आलं! माहे कान बंद म्हणून देवाचेही बंद, असं मले एक दिवस वाटलं नाही.

अठराला येते अन् सगळ्यांसमोर खरं सांगते. तोवर पोरीले एकटी सोडू नको. रागावली तरी तुहीच आहे.

ताई

डोणगाव,
२० फेब्रुवारी

प्रिय आत्यास,
प्रतीक्षाचा सलाम. तू घाईनं बसमधी बसली, म्हणून तुले ऐकू न आलेलं लिहून कळवते.

आधी माहं खोटं. गोकुळदादानं पत्र आणलं तवा मी गोळी घेतलीच नाही. आत्याचा विश्वास कमी पडला, असं बाबाले म्हटलं. दोन दिवसांनी चुलीपाशी फिट आली, मनगट भाजलं. तू विचारलं तवा दूध उतू गेलं म्हणून सांगितलं.

रविवारी तुह्या दुसऱ्याच वाक्याले त्यांनी माइक बंद केला अन् ढोलकी सुरू केली. तुले समजलंच नाही, तू बोलतच राह्यली. प्रचारक म्हणे, बाईच्या अंगात सैतान आला. ज्या बायांनी सकाळी तुहे हात धरले त्याच खाली बस म्हणून ओरडत होत्या. शिसारी आली मले. बाबा मान खाली घालून बसले होते, मग उठले अन् ढोलकीवाल्याचा हातच धरला. तुहा आवाज फाटलेला, वरखाली होणारा, पण मागच्या बाकापर्यंत आला. तू म्हणत होती, मले ऐकू आलं नाही, कदाचित येणारही नाही, तरी मी प्रभूचीच आहे.

मी तवाच बाहेर जाऊन गोळी घेतली. आज तिसरा दिवस. काल गोळी घेऊन प्रार्थनेले बसली. काहीच झालं नाही, आत्या. अंगावर काटा नाही, उजेड नाही, कोणाचा आवाज नाही. तरी उठावंसं वाटलं नाही.

माह्यासाठी प्रार्थना करत राहा.

तुही
प्रतीक्षा