एक्केचाळीस बिल्ले

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय अंगद,

मंगळवारपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आई फुलंब्रीत सगळ्यांना सांगत असते, आमचा अंगद कोळशाच्या खाणीत आहे, पण वर, स्टोअरमध्ये. बूटसुद्धा मळत नाहीत त्याचे. दिवाळीला तू नखांतला काळा मळ कोरत बसला होतास आणि मी चिडवलं होतं, काय स्टोअरकीपरसाहेब, पावत्या कोळशानं लिहिता काय? तू हसला नाहीस. मीही पुढं विचारलं नाही.

दादा मेंढरं कशी मोजायचे, आठवतं? मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून, एकेकाच्या पाठीला हात लावत. एक कमी भरलं तर भाकरीला शिवायचे नाहीत. एकदा एक जास्त भरलं, तर तू नाचलास, फुकटचं मेंढरू म्हणून. दादा म्हणाले, “फुकटचं नाय रं, कुणाच्या तरी मोजणीत ते कमी पडलं असंल.” संकट आलं तर खाणीची तयारी किती, हे आमची कंपनी तपासते. साहेबलोक यंत्रं बघतात, मी माणसं मोजते.

मंगळवारी मी तुमच्याच खाणीवर होते. तपासणी अचानक असते, आधी सांगता येत नाही. खाली उतरणारा प्रत्येकजण फळ्यावरचा आपला बिल्ला घेऊन जातो; रिकामे खिळे मोजले की खाली किती जण ते कळतं. खिळे रिकामे होते एक्केचाळीस. सरावाचा भोंगा वाजला, माणसं वर आली. दोनदा मोजली, त्रेचाळीस. मॅनेजर हसले, “मॅडम, कमी तर नाहीत ना? ठेकेदाराचे असतील दोघं.” खरोखरच आग लागली असती तर एक्केचाळीस वर येताच शोध थांबला असता. तरी मी लिहिलं, ‘मोजणी जुळली.’ भ्याले रे मी.

बिल्ला नसलेल्या त्या दोघांतल्या एकानं मला पाहून मान फिरवली. तोंड काळंठिक्कर होतं, पण मानेवरचा एडक्याच्या शिंगाचा वण मी ओळखणार नाही, असं वाटलं तुला? काल मी दुसरा अहवाल पाठवलाय. त्यात त्रेचाळीस आहेत आणि तुझं नाव आहे. तुझं काम जाईल, कदाचित माझंही. रागाव, हवं तर बोलू नकोस. पण तो अहवाल कुणी उघडून वाचेपर्यंत तू खाली असतोस, हे तिथल्या कुठल्याच मोजणीत नाही. हे पत्र मिळेल त्या पाळीपासून खाली उतरू नकोस.

तुझीच ताई,
ज्ञानेश्वरी