लाल दोरा, काळा दोरा

बा, त्या शेळ्यांच्या गळ्यातले दोरे मीच बदलले होते. आता उठून मारायला येऊ नको.

गाभण शेळीच्या पोटाखाली हात घालून तू सांगायचास, एक हाय का जुळं. औंढ्याच्या बाजारात शेळी घ्यायची म्हणलं की लोक तुला संगं न्यायचे. आमच्या गणिताच्या सरांना ते खरं वाटंना. मला अजून दिसतं, शेजाऱ्याच्या गोठ्यात तू डोळ्यावर गमछा बांधून बसलायस अन् सर म्हणून राहिले, "मामा, आधी असं धरू की तुमाला काही कळत न्हाई, नुसता अंदाज लागतो. शेळ्या व्याल्यावर हे धरलेलं मोडलं, तर तुमी जितले."

"म्हंजे मी लबाड, असं धरायचं व्हय?"

"नुसतं धरायचं, मामा. मानायचं न्हाई."

तू एकेक पोट चाचपून सांगितलंस, सरांनी दोरे बांधले. जुळ्याला लाल, एकाला काळा. त्याच दिवशी सरांनी मला वर्गात बाकावर उभं केलं होतं. त्यांची फजिती करायची म्हणून सांजच्याला मी गोठ्यात शिरलो अन् हाताला येतील तसे दोरे हिकडचे तिकडं केले. शेळ्या व्याल्या, तर अर्धं बराबर, अर्धं चूक. सर सांगून राहिले, "धरलेलं मोडलं न्हाई. म्हणून ते खरं ठरलं, असंबी न्हाई." पण ऐकतंय कोण? पारावरचे तुला इचारायचे, "काय, आज लाल का काळं?" तू तळहात बघत बसायचास. मग घरच्या शेळीलाबी हात लावला न्हाईस.

कोणते दोरे बदलले, मला आठवत न्हाई. तू तर गेलास; तुला कळत होतं का न्हाई, हे आता कुणालाच सांगता यायचं न्हाई. मलाबी.

सरांच्या हिशेबानं 'न्हाई' धरून सुरू करायला पायजे. मी 'व्हय' धरून बसलोय, अन् पुरावा मागत न्हाई. काल बाजारात एका म्हातारीच्या शेळीला हात लावला. हाताला नुसतं गरम लागलं. तरी म्हणलं, "जुळं हाय, आजी. आमच्या बाचा हात हाय हा."

हा कागद कुठं टाकावा? खिशातच ठेवतो. सरबी मागल्या साली वारले, तुझ्याकडंच आलेत. भेटले तर त्यांना हे सांगू नको, बा. कुणालाच सांगू नको.