एकनाथचं जावळ

वेणीमाधवा,

गिरणीतून आल्यावर घर रिकामं बघून घाबरू नकोस. सूनबाईला आणि एकनाथला घेऊन मी मोटारीनं वैरागला, तिच्या माहेरी निघालोय. जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं असतं. तुझा रुसवा निघायची वाट बघत बसलो, तर नातवाची वेणी घालायची पाळी येईल.

मेव्हणीच्या लग्नात रामहरीनं तुला दुसऱ्या पंगतीला बसवलं, ते चुकलंच त्याचं. पण म्हणून पोराला मामाच नाही की काय?

सूनबाईवर रागावू नकोस. "आधी त्यांना विचारू द्या की," म्हणत होती बिचारी. मीच "चल" म्हणालो. मग मात्र माझा पटका बांधून व्हायच्या आत पोराला कडेवर घेऊन दारात उभी!

एकनाथ पहाटेपासून पों पों करतोय. खरं सांगू, मोटारीत मीही पहिल्यांदाच बसतोय. लई मजा वाटतेय.

भाकरी चुलीपाशी झाकलीय. जेव आणि दुपारच्या मोटारीनं ये. ड्रायव्हरशेजारची जागा तुझ्यासाठी सांगून ठेवलीय. सगळ्यांच्या पुढं बसशील, आता तक्रार नको.

तू दारात दिसेपर्यंत न्हाव्याला वस्तरा उघडू देणार नाही.

— आबा