कार्डावर नसलेलं जायफळ

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार

शेजारच्या नॉर्बर्टचा फोन. त्याच्या बायकोला, लव्हॉनला, दवाखान्यातून घरी आणलंय — आता काही करण्यासारखं उरलं नाही म्हणे. दोन दिवस पोटात अन्न नाही. काय खाशील म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाली, "आर्डिसच्या हातची हॉटडिश."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काहीही मागायचंस ना गं!

चोवीस वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे या हॉटडिशची कृती मागितली होती. मी कार्डावर छान अक्षरात लिहून दिली — कांदा आणि बीफचा खिमा परतायचा, मश्रूम सूपचा डबा ओतायचा, वर गोठवलेल्या बटाट्याचे गोळे रचायचे, कुरकुरीत होईपर्यंत ओव्हनमध्ये. सगळं लिहिलं. जायफळ तेवढं लिहिलं नाही. विसरले नव्हते. आजीची ती खूण मला कुणालाच द्यायची नव्हती. शेजारणीला तर मुळीच नाही.

४ फेब्रुवारी

दिवसभर चर्चच्या तळघरातली जेवणं आठवत राहिली, प्रत्येकीने घरून एकेक भांडं करून न्यायची ती. माझं भांडं लोक खरवडून खायचे, तिचं अर्धं परत जायचं. "मी तर कार्डावर आहे तस्संच करते," ती म्हणायची. आणि मी तोंड वर करून सांगायचे, तुझ्या ओव्हनचा दोष असेल! ती हसायची. मीही हसायचे.

हार्लनला सांगितलं. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाला, "जायफळच ना? खून तर नाही केलास." नवऱ्याला काही सांगायला गेले, माझंच चुकलं.

५ फेब्रुवारी

केली. खिमा परतताना हात अडला. जायफळ घातलं तर तिला कळणार — इतकी वर्षं फसवलं ते. नाही घातलं तर मरणाच्या दारातही फसवलं असं होणार. शेवटी किसलं. नेहमीपेक्षा जास्तच.

बाहेर उणे पंचवीस. भांडं टॉवेलात गुंडाळून अंगण ओलांडलं. तिने तीन चमचे खाल्ले. नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा नको म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला. मनात म्हटलं, आता बोल आर्डिस. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर उशी नीट करू का!

भित्री मेली.

७ फेब्रुवारी

गेले नाही. बर्फ फार आहे म्हणून कळवलं. वीस पावलांवर घर!

१० फेब्रुवारी

उद्या सांगणार. नक्की.

११ फेब्रुवारी

लव्हॉन गेली. सकाळी, आठाच्या आधी. मी तिकडे जायला कोटच घालत होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दफनानंतरचं जेवण चर्चमध्येच. बायकांनी हॉटडिश मलाच सांगितली होती. चार भांडी केली, चारही संपली. आमच्यातलीच एक जण म्हणाली, बिचाऱ्या लव्हॉनला काही ही शेवटपर्यंत जमली नाही. मी हसले. तिच्याच दफनाच्या दिवशी हसले! मग आत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. चोवीस वर्षं मी तिला सगळ्यांपुढे कमी पडू दिलं, आणि आता माफी मागायला माणूसच नाही.

१८ फेब्रुवारी

नॉर्बर्ट माझं भांडं परत द्यायला आला. तळाला चिकटपट्टीवर माझं नाव. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा हॉटडिश केली होती — माझ्याच कार्डावरून. मी झाकण उचललं. जायफळाचा वास!

"कार्डावर नाहीये ते," तो म्हणाला, "पण लव्हॉन घरी नेहमी घालायची. तुझ्या हातची पहिल्यांदा खाल्ली, तेव्हा पहिल्याच घासाला ओळखलं होतं तिने. चर्चला न्यायची, त्यात मात्र नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, तिथे आर्डिसचं भांडं आधी रिकामं होऊ दे, तिला बरं वाटतं."

मी त्याला साधी कॉफीसुद्धा विचारली नाही.