पित्राच्या पानाजवळची गरम टॉडी

अवो रमेशचे बाबा,

तिकडं जाऊनही विसरभोळेपणा सुटला न्हाई का तुमचा? काल दुपारी माझा डोळा लागला, तर तुम्ही दारात उभे. हातात गेस्ट हाऊसचा ट्रे, गिलासातून वाफ निघून राहिली, अन् बोलायचंच विसरलात! आज तुमचं पित्र झालं. ते कसं झालं, कळवायला नको? मी सांगून राहिले, नात लिहून राहिली.

मागच्या वर्षी पान तसंच सुकलं, कावळा फिरकला न्हाई. लई लागलं मला. रुसला होतात का?

म्हणून यंदा पानाजवळ तुमची टॉडी, ती गरम पाण्यातली व्हिस्की, ठेवायची म्हणलं. रमेशनं आता माळ घातलीय. "आई, घरात दारूचा थेंब न्हाई यायचा!"

"त्याच थेंबांवर शिकलास की रं!"

आठवतंय? लातूर नवा जिल्हा झाला, बाहेरून साहेब आले, अन् आभाळ कोरडं. तुम्ही गेस्ट हाऊसचे खानसामा, तिथं बाटल्या भरलेल्या, हंडे रिकामे. टँकरचं पाणी व्हिस्कीपेक्षा जपून वाढायचात तुम्ही!

खोकणाऱ्या साहेबाला गिलास देताना तुमची गोष्ट ठरलेली. तुमचा आजा बिलोलीकडं ताडीसाठी ताडाची झाडं छेदायचा. गोऱ्यांना ताडी गोड लागली, तिचं नाव घेऊन गेले. विलायतेत ताडाचं झाड कुठलं? मग व्हिस्कीत गरम पाणी घातलं अन् नाव तेच ठेवलं, टॉडी! खरं होतं का हो? की आज्याला मोठं करायला रचलंत?

आज मीच केली. गिलास आधी गरम पाण्यानं विसळला. ते पाणी निववून तुळशीला घातलं, टँकरच्या दिसांची सवय जात न्हाई. तळाला गूळ, लवंगा, दालचिनी, लिंबाची फोड. वर उकळी बसलेलं पाणी. खळखळतं ओतलं तर वास उडतो, तुम्हीच म्हणायचात. व्हिस्की शेवटी. ती कुठून आणू? तशीच झाकून ठेवली.

रमेशनं झाकण उचललं अन् मटकन खाली बसला. "आई, बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा."

उठला, बाहेर गेला. पिशवीत लपवून छोटी बाटली घेऊन आला. गळ्यात माळ, अन् दारूच्या दुकानात उभा राहिला तुमच्यासाठी! त्यानंच ओतली, त्यानंच पान गच्चीवर नेलं.

कावळा आला. भाताकडं बघितलं न्हाई, आधी गिलासात चोच घातली! मग सगळं पान चिवडलं. रमेश रडून राहिला, मी हसून राहिले.

मी हाय तोवर दर पित्राला गिलास मी भरीन. माझ्यामागं नात भरील, आजच शिकवलंय तिला.

अन् पुन्हा स्वप्नात आलात तर टॉडी नको. साहेबांना तळून घालायचात ती कांदाभजी पाठवा, आमच्यापर्यंत कधी पोचलीच न्हाई. लई कुरकुरीत नको, दात गेलेत माझे.

तुमची,
शांता