अध्यक्षांच्या पत्रातली गाळलेली ओळ

टायटसविल, फ्लोरिडा
१ डिसेंबर १९६३

प्रिय हार्लन,

आम्ही दोघं ठीक आहोत. नदीपलीकडच्या या नव्या घरातही बाबांचा गुडघा कुरकुरतोच. तुला संत्र्यांची पेटी पाठवली आहे. गेल्या खेपेसारखी परत पाठवू नकोस, पोस्टमास्तर हसतो.

बेटावरची आपली बाग आता सरकारची. चंद्रावर जाणारं यान तिथल्या किनाऱ्यावरून उडणार. झाडं मात्र बाबांनी सरकारकडूनच भाड्याने घेऊन राखली आहेत. "अध्यक्षांच्या एका चिठोऱ्यासाठी आईची बाग दिलीत!" असं बाबांच्या तोंडावर बोलून तू गेलास, तो फिरकलाच नाहीस.

गोळी घालून मारलेल्या आपल्या अध्यक्षांना गेल्या सोमवारी मूठमाती दिली. आपल्या चर्चमध्येही प्रार्थना होती. बाबा सकाळीच कोट घालून तयार, काखेत अध्यक्षांच्या पत्राची ती फ्रेम.

"लोरीन, मी पत्र वाचणार आहे."

मी घाईने म्हटलं, "राहू द्या ना बाबा. लोक म्हणतील, म्हातारा मिरवतोय."

"म्हणू देत. गेलेल्या माणसासाठी एवढं तरी."

हार्लन, वर्षभर सांगायचं टाळते आहे. ते पत्र अध्यक्षांचं नाही, माझं आहे. बाबांनी त्यांना लिहिलेलं पत्र मी खरंच पोस्टात टाकलं होतं, पण तीन महिने उत्तर आलं नाही. सरकारी माणसांना अडवायला बाबा दारात बंदूक घेऊन बसायचे. जमीन तर जाणारच होती. सरकारी जमीन कार्यालयातल्या नोकरीत ती ताब्यात घेण्याचे कागद मीच टाइप करत होते. निदान ताठ मानेने निघावेत, म्हणून एका दुपारी तिथल्याच यंत्रावर उत्तर टाइप केलं आणि खाली अध्यक्षांची सही ठोकली. तेव्हा तुझ्या रागाची धनी मी आहे.

बाबा वाचू लागले. "तुम्ही सोडलेल्या जमिनीवरून आपला देश चंद्राकडे निघेल..." बायका डोळे पुसत होत्या. मला पत्र तोंडपाठ. पुढे मी लिहून गेले होते, "थंडीआधी कोवळ्या कलमांच्या बुंध्याला माती चढवायला विसरू नका." हिवापासून कलम वाचवायला आपण दर नोव्हेंबरात चढवतो, तशी. अध्यक्ष उत्तरेकडचे, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नाही.

बाबा त्या ओळीशी थांबले. माझ्याकडे पाहिलं. ती ओळ गाळून थेट शेवटच्या नमस्कारावर गेले.

त्यांना सगळं ठाऊक होतं रे. तू एवढं टोचून बोललास तेव्हाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला फार रडू आलं.

परतताना एवढंच म्हणाले, "उद्या फावडं घे. माती चढवायची राहिली आहे."

आठवडाभरात चाळीस कलमं झाली, साठ उरली आहेत. त्यांच्याने वाकवत नाही. फ्रेम पुन्हा भिंतीवर लागली आहे. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण इथे येऊन ओरड. तुझं फावडं दाराशी काढून ठेवलं आहे.

या वेळी स्वतःच्याच नावाने सही करणारी,
तुझी बहीण
लोरीन